मधली चकती

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचं जुनं गाव आहे. 1929 साली मॉरिस गॅरेजेस, म्हणजेच एमजी, या कंपनीने ऑक्सफर्डहून आपला कारखाना इथे हलवला आणि पुढची पन्नास वर्षं या गावाची ओळख तिथल्या स्पोर्ट्स कारनी ठरवली. त्यातली सर्वांत लाडकी एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी आणि चपळ. ती 1962 साली आली आणि 1980 च्या ऑक्टोबरात कारखान्याला कुलूप लागलं तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या. तिचं 1798 सीसीचं इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या ॲम्बॅसडरचं 1489 सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं.

कारखाना गेला तरी त्यात घडलेली माणसं गावात राहिली. ऑक स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत अशाच एका म्हाताऱ्या फिटरचं छोटं गॅरेज होतं. तो उमेदवार म्हणून कारखान्यात लागला तेव्हा एमजीबी नवीकोरी होती. ॲबिंग्डनला यंत्राने सरकणारा पट्टा नव्हता. एकाचं काम आटोपलं की गाडी हातांनी ढकलून पुढच्या माणसाकडे न्यायची. त्या दिवसांत लागलेली सवय त्याला जन्मभर पुरली. आधी गाडीला हात लावायचा, मत नंतर द्यायचं.

कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं उलटल्यावरची ही गोष्ट. एका शनिवारी सकाळी त्याच्या दारात 1970 सालची गडद हिरवी एमजीबी येऊन थांबली. दोन भाऊ उतरले. थोरला एका कचेरीत हिशेबनीस होता, धाकटा लेथवर बारीक मापाचं काम करणारा कारागीर. गाडी दोघांची, निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेली. एकाच गाडीतून आले होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते.

“काय होतंय?” फिटरने विचारलं.

“मागून आवाज येतो,” थोरला म्हणाला. “क्लच सोडला की ठक्. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा ठक्. हा गाडी झटके देत चालवतो. दुसरं काय होणार?”

“आणि मागच्या ॲक्सलचं ऑईल कधी बघितलंस ते सांग ना,” धाकटा म्हणाला. “ते काम तू अंगावर घेतलं होतंस.”

“मी सगळी चौकशी केली आहे,” थोरला फिटरकडे वळून म्हणाला. “आख्खा ॲक्सल बदलायचा तर किती खर्च येतो ते मला ठाऊक आहे. याने निम्मे पैसे दिले तर बदलू. नाहीतर गाडी विकून टाकू. रोजची कटकट नको.”

फिटरने किल्ली मागितली. थोरल्याला शेजारी बसवून तो मार्चमच्या रस्त्याला एक फेरी मारून आला. मग थोरल्याला उतरवलं, धाकट्याला बसवलं आणि तीच फेरी पुन्हा मारली. दोघांना त्याने एकच प्रश्न विचारला. “एका वेगाने चाललोय, तेव्हा मागून काही ऐकू येतं का?” दोघांनीही खरं तेच सांगितलं. काही ऐकू येत नव्हतं.

“म्हणजे गाडी ठोकते, पण रडत नाही,” परत आल्यावर तो म्हणाला. “ॲक्सलमधल्या क्राउन आणि पिनियन या गिअरांचे दाते बिघडले की ॲक्सल सतत रडतो. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. तुमच्या गाडीत कुठेतरी प्ले, म्हणजे मोकळीक, आलाय. तो नेमका कुठे आलाय ते आधी शोधू. तोवर कोणाला दोष देऊ नका, पोरांनो.”

एमजीबीच्या मागच्या अंगाला असा आवाज करू शकणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. तारांची चाकं हबवरच्या दातेरी खाचांत बसतात. ते दाते झिजून टोकदार झाले की चाक हबवर किंचित फिरतं आणि ठोकतं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसमधल्या नीडल बेअरिंग झिजल्या तरी तोच आवाज. ॲक्सलला पाट्यांशी आवळणारे यू-बोल्ट सैल झाले तरी तोच. घाईतला मेकॅनिक यातलं जे पहिलं सुचेल ते बदलतो, बिल करतो, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा दारात येते.

फिटरने गाडी स्टँडवर घेतली. धाकट्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि प्रत्येक मागचं चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवून पाहिलं. हबवर चाक तसूभर हललं नाही. शाफ्ट पकडून पिळून पाहिला, दोन्ही क्रॉस घट्ट. यू-बोल्टच्या नटांवर पाना लावून पाहिला, तेही घट्ट. मग एक चाक जमिनीवर टेकवून त्याला अडण लावली, दुसरं उचललेलं ठेवलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि थोरल्याला म्हणाला, “हे चाक हाताने फिरवून बघ. अडेल तिथे खडूने खूण कर. मग उलट फिरव आणि पुन्हा खूण कर.”

दोन खुणांमधलं अंतर बघून थोरला गप्प झाला.

“थोडा प्ले हवाच असतो,” फिटर म्हणाला. “दात्यात दाता घट्ट रुतवला तर मध्ये तेलाला जागा राहत नाही, आणि तापल्यावर धातूला फुगायलाही जागा राहत नाही. क्राउन आणि पिनियनमध्ये इंचाचे काही हजारावे भाग मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. पण हा प्ले त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. आता झाकण उघडायचं.”

1967 पर्यंतच्या उघड्या एमजीबीत दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल बघायचा तर तो सगळाच्या सगळा ॲक्सलमधून पुढच्या बाजूने बाहेर काढावा लागे. त्यानंतरच्या ॲक्सलला मागून एक झाकण असतं. फिटरने त्याचे बोल्ट सैल केले तसं जुनं काळसर ऑईल खालच्या तबकात उतरलं. तबक त्याने खिडकीशी नेलं. ऑईलमध्ये बारीक, सोनेरी कण चमकत होते.

“गेला ना ॲक्सल?” थोरला म्हणाला.

फिटरने कपाटातून एक चुंबक काढलं, कापडात गुंडाळलं आणि तबकातून सावकाश फिरवलं. कापडाला थोडासा करडा लगदा चिकटला. सोनेरी कण जागचे हलले नाहीत.

“दाते पोलादाचे असतात,” तो म्हणाला. “ते तुटत असते तर त्यांचे तुकडे चुंबकाला लागले असते. हा करडा लगदा एवढ्या वर्षांच्या नेहमीच्या झिजेचा आहे. चमकतंय ते तांबं. आता बघू, तांबं कुठून आलं.”

त्याने क्राउनच्या काही दात्यांना निळा रंग लावला, क्राउन पुढेमागे फिरवला आणि दात्यांवर उमटलेल्या खुणा दोघांना दाखवल्या. दाब दात्याच्या मधोमध येत होता. मग चाकं, हब आणि ब्रेकच्या प्लेट काढल्या. त्याने पूर्वी शेकडो ॲक्सल सोडवले असतील, तरी या वेळीही त्याने एकेक भाग पुसून, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने बाकावर मांडला. दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट बाहेर ओढले. डिफरन्शियलच्या पिंजऱ्यातली छोटी रोल पिन पंचाने ठोकून काढली, तिने अडवलेली आडवी पिन सरकवली. मग मोठा गिअर बोटांनी फिरवत फिरवत दोन्ही छोटे गिअर पिंजऱ्याच्या खिडकीतून हातात घेतले. आपल्याकडचे मेकॅनिक यांना स्टार पिनियन म्हणतात. क्राउन आणि पिनियन जागचे हललेसुद्धा नव्हते.

छोट्या गिअरच्या पाठीमागे एकेक तांब्याची, किंचित खोलगट चकती असते. मोठ्या गिअरच्या पाठीमागे एकेक फायबरची सपाट चकती. एकूण चार. इंजिनाचा जोर चाकांकडे जाताना या तिरक्या दात्यांचे गिअर एकमेकांना बाहेर ढकलतात आणि तो सगळा दाब या चकत्या पाठीवर घेतात. क्लच सोडला की दाब, पाय काढला की उलटा दाब, वळण आलं की दाबाखाली फिरणं. चकती झिजली की गिअर मागे सरकतो, दाते एकमेकांत कमी खोल बसतात, मोकळीक वाढते, आणि जोर दिशा बदलतो तेव्हा दाता दात्यावर आपटतो.

फिटरने चारही चकत्या पांढऱ्या कापडावर ठेवल्या. तांब्याच्या दोन्ही एका कडेला इतक्या पातळ झाल्या होत्या की बोटाने दाबताच वाकल्या. फायबरच्या एकीचे तुकडे झाले होते. दुसरी अख्खी होती, पण तिची जाडी निम्मीच उरली होती.

“एवढंच?” थोरला म्हणाला. जो आख्खा ॲक्सल बदलायला तो निघाला होता, त्याचं दुखणं चार चकत्यांत मावत होतं.

धाकटा मात्र वाकून बघत होता. बारीक कामात मुरलेल्या माणसाला असं काही दिसलं की हात शिवशिवतात. “असं मऊ तांबं आणि फायबर घालतंच कोण?” तो म्हणाला. “मला मापं घेऊ द्या. मी पोलादाच्या बनवतो. हार्डनिंग करून, ग्राइंड करून. तुमच्या-आमच्या जन्मात झिजणार नाहीत.”

फिटरने त्याची चेष्टा केली नाही. विचार कारागिराचा होता आणि मनापासून केलेला होता. तो मागच्या फळीशी गेला आणि तिथून एक जुना, तेलकट पिंजरा उचलून धाकट्याच्या हातात दिला. “हाही एमजीबीचाच. तुझ्यासारख्याच एका हुशार माणसाने पोलादी चकत्या करून घातल्या होत्या. मी काही सांगत नाही. तू लेथवाला आहेस, तूच वाच.”

धाकट्याने पिंजरा प्रकाशात धरला. चकती जिथे टेकते ती जागा त्याने अंगठ्याने चाचपली. तिथे खोल चरे पडले होते, धातू उचकटून वर आला होता. छोट्या गिअरची पाठ तशीच खरवडलेली. आडव्या पिनेचं भोक लांबट झालेलं. त्याने पोलादी चकती फिरवून फिरवून बघितली. तिच्यावर थोडेसे ओरखडे होते, बस.

“चकतीला काही झालेलं नाही,” तो सावकाश म्हणाला. “बाकी सगळं गेलंय.”

“आणि जे गेलं त्याचा चुरा ऑईलमध्ये फिरला, बेअरिंगमध्ये शिरला, क्राउनच्या दात्यांवर गेला,” फिटर म्हणाला. “त्या माणसाला खरोखरच आख्खा ॲक्सल बदलावा लागला. दोन वस्तू दाबाखाली एकमेकींवर फिरणार असतील तर झीज होणारच. तिला थांबवणं आपल्या हातात नाही. ती कोणी सोसायची एवढं आपण ठरवू शकतो. हा ॲक्सल ज्यांनी आखला त्यांनी ती या चकतीच्या वाट्याला दिली, कारण ही स्वस्त आहे आणि बदलता येते. ती मऊ आहे म्हणून गिअर पस्तीस वर्षं टिकलेत.”

थोरल्याच्या मनातून मूळ प्रश्न गेला नव्हता. “ते ठीक आहे. पण ही झिजली कोणामुळे? याच्या झटक्यांमुळे की माझ्या ऑईलमुळे?”

“दोन्हींमुळे थोडी लवकर झिजली असेल,” फिटर म्हणाला. “पण तुम्ही दोघांनी गाडी अगदी जपून चालवली असती तरी ती आज ना उद्या झिजलीच असती. झिजवलं कोणी, हे विचारून हाती काही लागणार नाही. मला एवढं सांगा, ठक् पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा तुम्ही काय केलंत?”

बराच वेळ कोणी बोललं नाही.

“मला दोन वर्षांपूर्वी ऐकू आली,” शेवटी थोरला म्हणाला. “वाटलं, याने काहीतरी करून ठेवलंय. तो सांगेल म्हणून थांबलो.”

“मलाही तेव्हाच आली,” धाकटा म्हणाला. “मला वाटलं, याला ठाऊक असून तो पैशांसाठी गप्प बसलाय.”

फिटरने चहा टाकला. कप हातात आल्यावर तो त्यांना कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीची हकिकत सांगू लागला. सायकलींच्या धंद्यात नाव कमावलेला हा माणूस 1870 च्या दशकात आपल्या मुलाबरोबर शेजारी-शेजारी बसून चालवायच्या एका सायकलीवर फिरत होता. दोघांचे पाय आपापल्या बाजूचं चाक फिरवत. मुलगा तरणा, पायात जोर जास्त. त्यामुळे गाडी सरळ जाईना, सारखी बापाच्या बाजूला वळे. सांगतात की एका फेरीत असं वळता वळता दोघं रस्त्याच्या कडेला कलंडले, आणि धूळ झटकत असतानाच स्टार्लीला दोन चाकांमध्ये गिअर घालण्याची युक्ती सुचली. 1877 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. असा गिअर फ्रान्समध्ये ओनेझिफोर पेकरने वाफेच्या गाडीसाठी 1828 मध्येच पेटंट केला होता, पण स्टार्लीने तो सायकलीच्या निमित्ताने पुन्हा शोधून काढला.

“तोच हा डिफरन्शियल,” फिटर पिंजऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. “तुमच्या गाडीच्या मागच्या दोन चाकांत सव्वा मीटर अंतर आहे. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की रुंद, हा फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच सळईने जखडली असती तर प्रत्येक वळणावर एक तरी घासत फरपटलं असतं. डिफरन्शियल दोघांना जोर सारखाच देतो, पण ज्याला जास्त चालायचंय त्याला जास्त चालू देतो, ज्याला कमी त्याला कमी. कोणीही दुसऱ्याला ओढत नाही. आणि हे सगळं ज्या जागी जमवून घेतलं जातं, तिथेच या चकत्या आहेत.”

मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “गाडी तुम्ही वाटून कशी चालवता?”

“एक आठवडा याचा, एक माझा,” थोरला म्हणाला. “रविवारी रात्री किल्ली दुसऱ्याच्या दाराच्या फटीतून आत टाकायची.”

“पहिल्यापासून असंच?”

“नाही,” धाकटा म्हणाला. “आधी दर शनिवारी दोघं मिळून फिरायचो. आलो की आईच्या अंगणात गाडी धुवायचो. तेव्हाही वाद व्हायचे. ओरखडा कोणी पाडला, पेट्रोल कोणी भरायचं. पण गाडी धुऊन होईपर्यंत ते संपायचे. कोणीतरी म्हणायचं, जाऊ दे, या वेळचं माझं. मग याचं लग्न झालं, हा पलीकडच्या गावाला राहायला गेला, आणि आम्ही म्हटलं, वादच नकोत. आठवडे वाटून घेऊ. किल्ली टाकायची, भेटायलाच नको.”

“आणि वाद कमी झाले?”

धाकट्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या हातात अजून तो खरवडलेला पिंजरा होता. त्याने तो फिरवला, चऱ्यांवरून पुन्हा अंगठा फिरवला आणि भावाकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

“आपण चकती काढून टाकली,” तो म्हणाला. “झिजते म्हणून.”

थोरला हिशेबाचा माणूस. त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एक शनिवारची दुपार, एक बादली पाणी आणि ‘जाऊ दे, या वेळचं माझं’ एवढे शब्द, हा खर्च त्यांनी वाचवला होता. त्याच्या बदल्यात दोन वर्षांचा अबोला आला होता आणि आज गाडी विकायची वेळ आली होती.

पुढच्या आठवड्यात नवीन चकत्या आल्या. या वेळी दोघं भाऊ आपणहून कामाला थांबले. धाकट्याला अजून एक मोह झाला. तांब्याच्या दोन-दोन चकत्या एकावर एक घातल्या तर प्ले साफ जाईल, असं त्याला वाटलं. फिटर म्हणाला, “घालून बघ.” त्याने घातल्या, गिअर कसेबसे खिडकीतून आत दाटले, पिन ठोकून बसवली आणि मोठा गिअर हाताने फिरवायला गेला. गिअर जागच्या जागी आवळून बसला होता. प्ले उरला नव्हता, आणि फिरणंही उरलं नव्हतं. त्याने न बोलता सगळं सोडवलं, एकेक चकती घातली आणि पुन्हा फिरवून बघितलं. गिअर हलका पण नेमका फिरला. दात्यांत बोटाला जेमतेम जाणवेल एवढी मोकळीक होती.

आडवी पिन बसली, रोल पिन ठोकली गेली, हाफ शाफ्ट आत गेले. झाकणाची जुनी पॅकिंग खरवडून थोरल्याने नवीन लावली आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. मग फिटरने त्याच्या हातात ऑईलचा डबा दिला. या ॲक्सलला जेमतेम 0.85 लिटर ऑईल लागतं. क्राउनच्या मध्याच्या खाली बसणारा हायपॉइड पिनियन फिरताना दात्यांवरून घसरतोही, म्हणून त्याला अति दाब सोसणारं 90 ग्रेडचंच ऑईल हवं. भोकाच्या कडेला ऑईल येईपर्यंत थोरला वाकून बघत राहिला आणि मगच त्याने बूच लावलं. “पुन्हा कधी बघायचं?” त्याने विचारलं, आणि उत्तर वहीत लिहून घेतलं.

मार्चमच्या रस्त्यावर या वेळी फिटर गेला नाही. दोघं भाऊ गेले. धाकट्याने जाताना चालवली, थोरल्याने येताना. परत आले तेव्हा धाकटा म्हणाला, “ठक् गेली.”

“कायमची?” थोरल्याने फिटरला विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “या चकत्याही झिजतील. त्या झिजाव्यात म्हणूनच घातल्यात. वर्षातून एकदा चाक उचलून, खडूच्या दोन खुणा करून बघत जा. अंतर वाढलेलं दिसलं तर आवाज होण्याआधीच या. चार चकत्यांचं काम आहे.”

पैसे देताना कोणी किती द्यायचे याचा हिशेब झाला नाही. थोरल्याने दिले. धाकटा म्हणाला, “पुढच्या वेळचे माझे.” त्या रविवारपासून किल्ली दाराच्या फटीतून टाकायची नाही असं दोघांनी ठरवलं. हातात द्यायची, आणि द्यायला आलेल्याने चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. त्यानंतरही ते भांडले. ओरखड्यांवरून, पेट्रोलवरून, कशाकशावरून. पण भांडण चहाच्या पलीकडे गेलं नाही आणि गाडी विकायची भाषा कोणी केली नाही.

तात्पर्य असं की एका ओझ्याखाली दोघं मिळून चालत असतील, मग ते भाऊ असोत, नवरा-बायको असोत की धंद्यातले भागीदार, तिथे झीज टळत नाही. आपण पोलादासारखं कडक झालो तर ती टळत नाही, ती फक्त नात्यात खोल शिरते. एकमेकांपासून लांब राहिलो तरी टळत नाही, कारण ओझं तर दोघांच्याच खांद्यावर असतं. शहाणपण एवढंच की झिजायला अशी गोष्ट पुढे करावी जी पुन्हा घालता येते. आपली एक दुपार, मागे घेतलेले दोन शब्द, आपल्याकडे घेतलेली थोडी नुकसानी. या गोष्टी गेल्या तर पुन्हा जमवता येतात. विश्वास झिजला तर त्याचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून नात्यात पहिली ठक् ऐकू आली की दोष कोणाचा हे शोधत बसू नये आणि समोरचा बोलेल म्हणून थांबूही नये. ज्याला ती आधी ऐकू आली, त्याने आधी झाकण उघडावं.